एकाच मूत्राशयात तीन गाठी, तिन्ही वेगळ्या. असं का होतं?

खाडीकाठ (धागाकर्ता)

बाबांचं वय एकाहत्तर, गाव गुहागर तालुक्यात. पावसाच्या तोंडाशी त्यांना लघवीतून रक्त गेलं. दुखणं, जळजळ काही नाही, आणि ते आपोआप थांबलंही. गणपतीच्या सुमारास पुन्हा गेलं. मग सोनोग्राफी झाली आणि त्यानंतर लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठी काढल्या. मूत्राशयाचा कर्करोग निघाला.

गाठी तीन होत्या. रिपोर्टप्रमाणे दोन लो ग्रेड (सावकाश वाढणाऱ्या), पॅपिलरी (बोटांसारख्या उगवलेल्या), अस्तरापुरत्या, म्हणजे टीए. तिसरी हाय ग्रेड (आक्रमक), टी१, अस्तराखालच्या थरात शिरलेली. माणूस एक, अवयव एक, वर्षानुवर्षांची विडीही एकच. मग दोन गाठी सौम्य आणि तिसरी अशी का? तीन वेगळे रोग समजायचे की एकच?

दुसरं म्हणजे, मुंबईचा भाऊ म्हणतो की गाठीची जीन टेस्ट करून घेऊ. डॉक्टर म्हणतात, आत्ता गरज नाही. टेस्ट महाग आहे, पण उपयोग होणार असेल तर पैशांची सोय करू. इथे डॉक्टर, पॅथॉलॉजीवाले आणि या आजारातून गेलेले लोक आहेत, त्यांनी कृपया लिहावं.

सुरंगी

बाबांना लवकर आराम पडो. माझ्या काकांना हेच झालं होतं, आज ते वाडीतल्या भजनाला पेटी वाजवतात. धीर सोडू नका.

तळकोकणी

गाववाल्यांनू, लघवीतसून रगात इला तर गप रवू नकात. दुखत नाय म्हणून लोक ऱ्हवतत आणि थयच चुकतत.

वायंगणी

तळकोकणींशी शंभर टक्के सहमत. आपल्याकडे लघवीची कुठलीही तक्रार असली की 'उन्हाळी लागली' म्हणायचं आणि कुळथाचं कढण, सब्जा, कोकम सुरू करायचं. उन्हाळीत जळजळ होते, खड्यात कळ येते. काहीही न दुखता लाल लघवी होणं ही गोष्ट निराळी. त्यातून ते रक्त मधेच थांबतं, म्हणून कढणाने गुण आला असं वाटतं. चाळिशीपुढच्या कुणालाही एकदा जरी असं झालं तरी तपासणी हवीच.

पेशीवाचक

मी पॅथॉलॉजीत काम करते, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते.

बहुतेक वेळा हा एकच रोग असतो. १९९२ साली सिड्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी एकाच मूत्राशयात अनेक गाठी असलेल्या स्त्रियांवर अभ्यास केला. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद असतं, आणि कुठल्या पेशीत कुठलं बंद होणार हे गर्भातच ठरतं. गाठी स्वतंत्रपणे उगवल्या असत्या तर काहींत आईकडचं एक्स बंद दिसलं असतं, काहींत वडिलांकडचं. प्रत्यक्षात एका बाईच्या सगळ्या गाठींत एकच एक्स बंद होतं. म्हणजे मूळ पेशी एक, आणि तिची पिल्लावळ अस्तरावर पसरलेली.

तुमचा प्रश्न याच्या पुढचा आहे आणि त्याचं उत्तरही त्याच अभ्यासात आहे. नवव्या गुणसूत्राचा एक भाग एकाच स्त्रीच्या गाठींत सारखाच हरवलेला होता. सतराव्या आणि अठराव्या गुणसूत्रांवरचे तुकडे मात्र गाठीगाठीत वेगवेगळे गेले होते. सुरुवातीचे बदल सामाईक आणि नंतरचे ज्याचे त्याचे. तुमच्या बाबांच्या दोन गाठी एका वाटेने गेल्या असणार आणि तिसरी दुसऱ्या.

वाटा ढोबळमानाने दोन. एकीत एफजीएफआर३ या जीनमध्ये बिघाड होतो. हा पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राहक. बाहेरून वाढीचा निरोप आला तरच त्याने आत कळवायचं असतं, पण बिघडल्यावर तो निरोप नसतानाही कळवत राहतो. या गाठी बहुधा पॅपिलरी आणि लो ग्रेड असतात. पुन्हा पुन्हा येतात, पण खोल क्वचितच जातात. दुसऱ्या वाटेत टीपी५३ आणि आरबी१ हे पेशीला आवर घालणारे जीन निकामी होतात. त्या गाठी हाय ग्रेड असतात आणि स्नायूपर्यंत पोचायला बघतात. टर्ट नावाच्या जीनच्या पुढच्या भागातला बदल मात्र दोन्हींकडे, सर्रास सापडतो.

आंबेवाला_दापोली

पेशीवाचक ताई, म्हणजे आमच्या रायवळ आंब्यासारखं म्हणा की. झाड एकच असतं, पण त्याच्या कोयी रुजवल्या तर एक रोप गोडाचं, एक आंबटढाण आणि एक नुसतं रेषाळ.

पेशीवाचक

काका, निम्मं जमलं. कोयीत पराग दुसऱ्या झाडाचा येतो, इथे बाहेरून काही येत नाही. पेशी स्वतःचीच नक्कल करते आणि दर नकलेत थोड्या चुका राहतात.

गणिती_मुलगी

चुका सगळ्यांच्याच पेशींत होतात ना? मग मूत्राशयातच इतकी विविधता का? मी वाचलंय की कर्करोगांत बदलांच्या संख्येच्या बाबतीत हा बराच वरच्या नंबरावर आहे.

पेशीवाचक

बरोबर वाचलंय. फुप्फुस आणि मेलानोमा (त्वचेचा एक कर्करोग) यांच्या खालोखाल याचा नंबर लागतो. मोठं कारण आपल्याच पेशीतली एपोबेक नावाची एन्झाइम्स. त्यांचं खरं काम विषाणूंपासून संरक्षण. विषाणूच्या जनुकीय साखळीतलं 'सी' हे अक्षर बदलून ती त्याला निकामी करतात. कधी कधी तोच वार आपल्या डीएनएवर पडतो. २०१७ साली अमेरिकेच्या टीसीजीए या कर्करोगांच्या जीनचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पाने स्नायूपर्यंत गेलेल्या ४१२ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका अक्षराच्या बदलांपैकी जवळपास दोन तृतीयांश एपोबेकच्या खात्यावर निघाले. टीपी५३ मधला बदल साधारण निम्म्या गाठींत होता. एफजीएफआर३ चा बदल १४ टक्क्यांत, म्हणजे अस्तरापुरत्या गाठींपेक्षा कितीतरी कमी.

त्याच अभ्यासात गाठींचे पाच उपप्रकार पाडले. २०२० मध्ये अनेक गटांनी मिळून सहा प्रकारांचं सामाईक वर्गीकरण केलं. नावं सांगत बसत नाही. महत्त्वाचं हे की सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठी आतून वेगळ्या असू शकतात, आणि एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांतही फरक असू शकतो.

खाडीकाठ

ताई, मनापासून आभार. 'मूळ पेशी एक' हे वाचून बरंच उलगडलं. एक राहिलं होतं. बाबा परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. ब्याऐंशीच्या संपानंतर गावी आले आणि मग कलमं, थोडी भातशेती. त्या रंगांचा याच्याशी संबंध असू शकतो का? इतकी वर्षं मधे गेली आहेत.

लालबागकर

असू शकतो. माझे वडीलही रंगखात्यातलेच. संध्याकाळी घरी आले की नखांच्या कडा निळ्या, कधी लाल. साबणाने निघत नसत. आई त्यांचे कपडे वेगळे धुवायची. हातमोजे असतात हे त्यांनी गिरणीत असेपर्यंत ऐकलंही नव्हतं. आपल्या कोकणातल्या किती घरांतून माणसं त्या खात्यांत गेली आणि पुढे गावी येऊन आजारी पडली, याची नोंद कुणी ठेवली? या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

डॉ_किनारा

रंग आणि मूत्राशय हे नातं फार जुनं आहे. १८९५ साली फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी फुक्सिन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी दाखवून दिल्या. पुढे बेंझिडीन आणि २-नॅफ्थिलअमीन ही द्रव्यं दोषी ठरली. ती श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जातात, यकृतात त्यांच्यावर प्रक्रिया होते आणि लघवीत उतरून तासन् तास अस्तराला लागून राहतात. अझो रंगांतल्या काहींपासून शरीरात बेंझिडीन सुटतं. आपल्या देशात बेंझिडीनवर आधारित रंगांवर १९९० च्या दशकात बंदी आली. संपर्क आणि आजार यांत वीस-तीस वर्षं किंवा जास्तही जाऊ शकतात, त्यामुळे मधली वर्षं हा काही बचाव नाही.

विडी-सिगरेटच्या धुरातही याच जातीची द्रव्यं असतात. या कर्करोगाच्या साधारण निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान आहे. बाबांच्या बाबतीत रंग आणि विडी दोन्ही धरायला हवीत. यूरॉलॉजिस्टना रंगखात्याचं आवर्जून सांगा, केसपेपरवर लिहून घ्या. शेतकरी म्हणून आलेल्या माणसाला जुनी नोकरी बहुधा कुणी विचारत नाही.

वायंगणी

आणि बायकांच्या मशेरीचं काय? आमच्याकडे अजून चालते.

डॉ_किनारा

मशेरीने तोंडाचा कर्करोग होतो, तेवढं कारण ती सोडायला पुरेसं आहे. मूत्राशयाशी पक्का संबंध आहे तो धुराचा. पुरुषांत हा आजार बायकांच्या तीन-चार पट दिसतो. बायकांत मात्र लघवीतल्या रक्ताला जंतुसंसर्ग समजून गोळ्यांवर गोळ्या दिल्या जातात आणि निदान लांबतं.

इतिहासप्रेमी_चिपळूण

गुहागर तालुका वाचून राहवलं नाही. तुमच्याच तालुक्यातल्या गिमवीचं नाव जगभरच्या परोपजीवीशास्त्राच्या लेखांत येतं. १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी तिथे लघवीतून रक्त जाणारे रुग्ण शोधले. कारण होतं शिस्टोसोमा हा रक्तातला कृमी. भारतात माणसांत त्याचं स्थानिक ठाणं सापडणं ही मोठीच बातमी होती. गोड्या पाण्यातल्या फेरिसिया टेन्युइस या बारक्या शंखातून तो पसरतो असं पुढे मांडलं गेलं. याच जातीच्या कृमीमुळे इजिप्तमध्ये मूत्राशयाचा कर्करोग होतो, म्हणून विचारतो. बाबांच्या आजारामागे हे तर नसेल?

पेशीवाचक

फार चांगला मुद्दा. गिमवीचं आम्हाला शिकताना होतं, पण इथे ते लागू पडणार नाही. कृमीची अंडी भिंतीत अडकून वर्षानुवर्षं दाह होतो, अस्तराची जात बदलते आणि त्यातून प्रामुख्याने स्क्वॅमस (त्वचेसारख्या चपट्या पेशींचा) प्रकारचा कर्करोग होतो. बाबांचा रिपोर्ट पॅपिलरी यूरोथेलियल, म्हणजे मूत्राशयाच्या नेहमीच्या अस्तरातून आलेल्या गाठीचा आहे. कारण वेगळं असलं की गाठीची जात वेगळी निघू शकते, याचं हे ठळक उदाहरण.

कोयना_एक्सप्रेस

थोडं विषयांतर. आमच्याकडे औद्योगिक वसाहतीच्या बाजूच्या ओढ्याला वास येतो आणि गावात कर्करोग वाढलाय असं सगळे म्हणतात. त्याचीही तपासणी व्हायला हवी.

लालबागकर

व्हायलाच हवी. पण 'सगळे म्हणतात' यावर कुणी हलत नाही. ग्रामपंचायतीने कुणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी आणि आधी काय काम होतं, एवढं वहीत लिहायला घेतलं तरी पुढच्या माणसाच्या हातात काहीतरी पडेल.

जीन_समर्थक

मूळ प्रश्नाकडे येतो. मी जीन टेस्टच्या बाजूने आहे. माझ्या मामांचा आजार लसिका ग्रंथींपर्यंत गेला होता आणि केमोने थांबेना. गाठीची टेस्ट केली, एफजीएफआर३ मध्ये बदल निघाला. त्यावर अर्डाफिटिनिब ही गोळी सुरू केली आणि गाठी आकसल्या. हे औषध अमेरिकेत २०१९ सालीच मान्य झालंय. टेस्ट केली नसती तर हा मार्ग कळलाच नसता. डॉक्टर 'गरज नाही' म्हणतात तेव्हा कधी कधी पेशंटला परवडणार नाही हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं असतं.

डॉ_किनारा

शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. मामांचा टप्पा आणि बाबांचा टप्पा यांत फार अंतर आहे. अर्डाफिटिनिबची ती मान्यता पसरलेल्या आजारासाठी आहे, आणि तिथे टेस्ट करायलाच हवी. अस्तरापुरत्या किंवा टी१ गाठीत आजचा निर्णय ग्रेड, खोली, गाठींची संख्या, आकार, आधी आली होती का आणि शेजारी सपाट कर्करोग म्हणजे सीआयएस आहे का, यांवर होतो. समजा बाबांच्या लो ग्रेड गाठीत एफजीएफआर३ निघाला. तरी उपचार ठरणार हाय ग्रेड गाठीवरूनच, आणि ते आहेत बीसीजी, म्हणजे क्षयाच्या लसीतले दुबळे जंतू नळीने मूत्राशयात सोडणं.

जीन_समर्थक

पण नंतर आजार वाढला तर? तेव्हा उपयोगी पडेलच की आत्ता केलेली टेस्ट.

पेशीवाचक

इथेच विविधता आडवी येते. नंतर येणारी गाठ आजच्या गाठीसारखीच असेल असं धरता येत नाही. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये न्यूयॉर्कच्या गटाचा या कर्करोगाच्या संपूर्ण जीनोमचा अभ्यास आला. एपोबेकचे बदल त्यात सुरुवातीचे निघाले. केमोच्या औषधांनीही डीएनएवर स्वतःचे बदल केले होते, आणि ते नंतरच्या फांद्यांत होते. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काही पेशींत डीएनएचे तुकडे गुणसूत्रांतून सुटून त्यांची वर्तुळं झालेली असतात आणि त्यांत सीसीएनडी१ सारख्या वाढ करणाऱ्या जीनच्या पुष्कळ प्रती असतात. पेशी दुभंगते तेव्हा गुणसूत्रं सारखी वाटली जातात, ही वर्तुळं नाही. एकीला भरपूर मिळतात, दुसरीला नाममात्र. त्यामुळे फार थोड्या पिढ्यांत औषधाला दाद न देणारी पेशी तयार होऊ शकते.

म्हणून आजार वाढलाच तर तेव्हाचा ताजा नमुना तपासणं जास्त कामाचं.

गणिती_मुलगी

मग निरोगी माणसाच्या मूत्राशयात हे बदल मुळीच नसतात का?

पेशीवाचक

असतात. २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये कर्करोग नसलेल्या मध्यमवयीन आणि वयस्क माणसांच्या अस्तराचे अभ्यास आले. केएमटी२डी, केडीएम६ए, एआरआयडी१ए या जीनमधले बदल निरोगी अस्तरातही ठिकठिकाणी होते. एफजीएफआर३ आणि टीपी५३ चे मात्र दुर्मीळ. पहिल्या गटातल्या बदलांनी पेशी पसरते, पण कर्करोग व्हायला आणखी काही लागतं, असा त्याचा अर्थ मी लावते. विडी सोडण्याचा सल्ला आम्ही निदान झाल्यावरही देतो तो याचसाठी. गाठ काढली तरी उरलेलं अस्तर तेच असतं.

खाडीकाठ

भावाचा प्रश्न आहे, आम्हा मुलांना धोका आहे का?

डॉ_किनारा

हे बदल बाबांच्या मूत्राशयात, त्यांच्या हयातीत झालेले आहेत, ते वारशाने येत नाहीत. लिंच सिंड्रोमसारखी (कर्करोगाची प्रवृत्ती वारशाने येणारी) घराणी असतात, पण त्यांत आतडं, गर्भाशय, मूत्रवाहिनी यांचे कर्करोग कमी वयात दिसतात. तुमच्याकडे तसं काही असेल तर सांगा. वारशाने येऊ शकतं ते इतकंच की एनएटी२ या जीनच्या 'मंद' प्रकारामुळे धुरातल्या त्या द्रव्यांचा निचरा हळू होतो. अशा माणसाला विडी जास्त महागात पडते. तुम्ही भाऊ विडी-सिगरेट ओढत नसाल तर बरंच काम झालं.

आता एक गंभीर गोष्ट. हाय ग्रेड गाठीच्या रिपोर्टमध्ये स्नायूच्या थराबद्दल काय लिहिलंय?

खाडीकाठ

शोधलं. शेवटून दुसऱ्या ओळीत, बारीक अक्षरात, 'डेट्रुसर मसल नॉट सीन'. आम्हाला वाटलं, स्नायूत आजार दिसला नाही, म्हणजे चांगलंच.

डॉ_किनारा

त्याचा अर्थ नमुन्यात स्नायूच आलेला नाही. मग आजार स्नायूपर्यंत गेलाय की नाही हे त्या नमुन्यावरून सांगता येत नाही. टी१ हाय ग्रेडमध्ये दोन ते सहा आठवड्यांत दुर्बिणीने दुसऱ्यांदा खरवडून नमुना घेतात, आणि स्नायू नसेल तर ते टाळूच नये. जीन टेस्टचे पैसे बाजूला ठेवा, आधी हे विचारा. उद्याच.

सुरंगी

रिपोर्टमधली ही ओळ घरच्यांना कुणीतरी नीट समजावून सांगायला हवी होती. पेशंट गावाहून रात्रीची गाडी पकडून येतो, दोन मिनिटं मिळतात आणि हातात फाइल घेऊन बाहेर पडतो.

खाडीकाठ

अपडेट देतोय. दुसऱ्यांदा दुर्बीण झाली. या वेळी नमुन्यात स्नायू आहे आणि तो स्वच्छ आहे. जुन्या जागी थोडे हाय ग्रेडचे अवशेष होते, ते काढले. पुढच्या आठवड्यापासून बीसीजी, आठवड्याला एक याप्रमाणे सहा. जीन टेस्ट आत्ता करत नाही. भावालाही हा धागा वाचायला दिला, त्याला पटलं. किनारा डॉक्टर, पेशीवाचक ताई, तुमचे उपकार आहेत.

जीन_समर्थक

छान बातमी. टप्प्याचा मुद्दा मान्य. फक्त मेणातले ब्लॉक, म्हणजे गाठीचे मेणात जतन केलेले तुकडे, लॅबकडून पावती घेऊन ताब्यात घ्या, दोन्ही वेळचे. मामांचे जुने ब्लॉक मिळवताना आमची फार ओढाताण झाली.

पेशीवाचक

ब्लॉकबद्दल अनुमोदन. ते कोरड्या, थंड जागी ठेवा, कोकणातल्या उन्हाळ्यात माळ्यावर नको. तीनही गाठी वेगळ्या डब्यांतून गेल्या होत्या का तेही पाहून घ्या. प्रत्येक ब्लॉकवर नंबर असतो आणि तो रिपोर्टमध्ये दिलेला असतो. पुढे कधी टेस्ट करायची वेळ आली आणि नवा नमुना मिळण्यासारखा नसला, तर हाय ग्रेडचा ब्लॉक कुठला हे माहीत असलं पाहिजे.

पेटीवाल्यांची_पुतणी

काकांच्या बीसीजीचा अनुभव लिहिते. त्या दिवशी सकाळपासून पाणी, चहा कमी घ्यायला सांगतात. औषध नळीने आत सोडल्यावर दोन तास लघवी रोखायची असते, म्हणून निघायची घाई नको, एसटीची वेळ त्या हिशोबाने बघा. घरी आल्यावर पहिले सहा तास बसूनच लघवी करायची आणि दर वेळी भांड्यात ब्लीच ओतून पंधरा मिनिटांनी पाणी टाकायचं, कारण त्यात जिवंत जंतू असतात. जळजळ आणि कणकण एक-दोन दिवस राहते. लघवीत रक्त दिसत असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर त्या आठवड्याचा डोस पुढे ढकलतात, ते लपवू नका. थंडी वाजून जोराचा ताप आला आणि उतरेना, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.